हेडफोन आणि ध्वनिमंच : दोन श्रवणपद्धतींचा इतिहास

संगीताची ध्वनिमुद्रिका दोन लाउडस्पीकरांसमोर बसून ऐकणाऱ्या श्रोत्यास आपल्यापुढे काही अंतरावर एक मंच पसरल्याचा भास होतो. गायक मध्यभागी असतो, एक वाद्य त्याच्या डाव्या अंगास, दुसरे उजव्या अंगास, काही वाद्ये मागे. आणि हे सारे त्या दोन पेट्यांमधील मोकळ्या जागेत, जेथे वस्तुतः काहीच नसते. ह्या भासमान मंचास प्रस्तुत निबंधात ‘ध्वनिमंच’ म्हटले आहे. तीच ध्वनिमुद्रिका हेडफोन लावून ऐकली असता सूर अधिक स्वच्छ ऐकू येतात, गायकाने श्वास घेतल्याचा आवाजही निसटत नाही. परंतु मंच मात्र नाहीसा होतो. गायक श्रोत्याच्या कवटीच्या आत, दोन कानांच्या मध्यावर येऊन बसतो, आणि वाद्ये ह्या कानापासून त्या कानापर्यंत ताणलेल्या दोरीवर वाळत घातल्याप्रमाणे लटकतात.

ह्या अनुभवाची प्रचलित उपपत्ती अशी की, हेडफोन हे लाउडस्पीकराचे धाकटे भावंड असून आकाराने लहान असल्यामुळे त्यास थोरल्याचे काम साधत नाही. ही उपपत्ती इतिहासास धरून नाही. दूरचा ध्वनी दोन स्वतंत्र मार्गांनी दोन कानांस पोहोचविण्याची कला हेडफोनच्या पूर्वजांवरच जन्मास आली. लाउडस्पीकरांच्या जोडीचा पद्धतशीर विचार त्यानंतर पन्नास वर्षांनी झाला. त्या विचाराबरोबर ध्वनिमुद्रण कोणासाठी करावयाचे, हेच बदलले. पत्र कोणास लिहिले आहे हे ठाऊक नसता त्यातील ‘तेथे’ आणि ‘येथे’ यांचा जसा बोध होत नाही, तसेच काहीसे येथे घडले आहे. आज घरोघरी हेडफोनवर जे ऐकले जाते, त्यातील बहुतांश लाउडस्पीकरांच्या नावे लिहिलेले पत्र आहे. हे असे केव्हा व का झाले, आणि ते दुरुस्त करण्याचे जे प्रयत्न झाले त्यांतून काय हाती आले, हे पाहणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू होय.

पॅरिस येथे १८८१ साली भरलेल्या आंतरराष्ट्रीय विद्युत् प्रदर्शनात क्लेमां आदेर ह्या फ्रेंच अभियंत्याने ऑपेरागृहाच्या मंचाच्या पुढील कडेस टेलिफोनचे प्रेषक ओळीने मांडले आणि त्यांच्या तारा सुमारे दोन किलोमीटरांवरील प्रदर्शनगृहात नेल्या. प्रत्येक श्रोत्यास दोन ग्राहक देण्यात येत. एक डाव्या कानास, एक उजव्या कानास. त्यांतील एक ग्राहक मंचाच्या डाव्या भागातील प्रेषकास व दुसरा उजव्या भागातील प्रेषकास जोडलेला असे. ऐकणाऱ्यांस नट एका बाजूने दुसऱ्या बाजूस गेल्याचे कळू लागले आणि त्याचे वृत्त समकालीन वैज्ञानिक नियतकालिकांतून आश्चर्याने छापले गेले. पुढे १८९० पासून ‘थिएट्रोफोन’ ह्या नावाने हा व्यवसायही झाला आणि तो १९३२ पर्यंत चालला.

ध्वनीच्या कवटीत शिरण्याचा प्रत्यय ह्याच्याही पूर्वीचा आहे. टेलिफोनचा शोध लागून दोन वर्षे होतात न होतात तोच, १८७८ मध्ये, सिल्व्हानस टॉम्सन ह्या इंग्रज शास्त्रज्ञाने दोन कानांस दोन टेलिफोन लावून प्रयोग केले व दोहोंतील कंपने परस्परविरुद्ध कलेत असता ध्वनी डोक्याच्या मागील भागात असल्यासारखा वाटतो, असे नमूद केले. म्हणजे जी तक्रार आज हेडफोन घेणाऱ्यांच्या तोंडी ऐकू येते, तिचे मूळ रूप टॉम्सनच्या टिपणात एक निरीक्षण म्हणून आढळते. त्या काळी ती तक्रार नव्हती, कारण तुलनेस दुसरे काही नव्हते.

दिशा कशी कळते याचा शास्त्रीय उलगडा लॉर्ड रॅले यांनी केला. हिरवळीवर डोळे मिटून उभे राहावयाचे आणि सभोवार उभ्या असलेल्या सहायकांचा आवाज कोठून येतो ते सांगावयाचे, असे साधे प्रयोग त्यांनी १८७०–८० ह्या दशकात केले होते. माणसाचा आवाज कोठूनही ओळखता येई. नादचिमट्याचा शुद्ध स्वर मात्र डावीकडून की उजवीकडून एवढेच कळे, समोरून की मागून हे कळत नसे. १९०७ मध्ये त्यांनी दाखवून दिले की, उच्च स्वरांच्या बाबतीत डोक्याच्या आडोशामुळे दूरच्या कानास ध्वनी क्षीण पोहोचतो आणि त्या तीव्रताभेदावरून दिशा कळते. मंद्र स्वर डोक्यास वळसा घालून जातात, त्यांचा आडोसा होत नाही, म्हणून तेथे दोन कानांस ध्वनी पोहोचण्याच्या वेळेतील सूक्ष्म फरक उपयोगी पडतो. हा फरक किती सूक्ष्म? अगदी उजव्या कानासमोरून येणाऱ्या ध्वनीस डाव्या कानी पोहोचण्यास सुमारे ०.६५ मिलिसेकंद उशीर होतो. नेहमीप्रमाणे समोरच्या रेषेपासून ३० अंशांवर ठेवलेल्या लाउडस्पीकराच्या बाबतीत हा उशीर सुमारे पाव मिलिसेकंद असतो. येथून पुढची सारी कथा ह्या पाव मिलिसेकंदाभोवती फिरते असे म्हणावयास प्रत्यवाय नाही.

१९३० नंतरच्या तीन वर्षांत अटलांटिकच्या दोन किनाऱ्यांवर दोन निरनिराळे विचार जन्मास आले. अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत हार्वे फ्लेचर आणि त्यांचे सहकारी यांनी मानवाकृती पुतळा तयार करून त्याच्या कानांच्या जागी दोन मायक्रोफोन बसविले. पुतळ्याचे नाव ‘ऑस्कर’. त्या काळचे मायक्रोफोन आकाराने एवढे मोठे की ते कानांत मावेनात. ते गालांवर, कानांच्या किंचित पुढे बसवावे लागले. १९३३ च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात ऑस्करला काचेच्या खोलीत बसविले होते. बाहेर हेडफोन लावून बसलेल्या प्रेक्षकांस ऑस्करच्या कानाशी कोणी बोलले की ते आपल्याच कानाशी बोलल्याचा भास होई. फ्लेचर यांनी त्याच वर्षी ह्या प्रयोगाचे जे वर्णन प्रसिद्ध केले, त्याच्या शीर्षकात ‘भ्रम’ हाच शब्द आहे.

ह्याच फ्लेचर यांनी २७ एप्रिल १९३३ रोजी फिलाडेल्फिया येथील वाद्यवृंद तारांवरून वॉशिंग्टनच्या कॉन्स्टिट्यूशन हॉलमध्ये ऐकविला, आणि तेथे मात्र त्यांनी हेडफोन वापरले नाहीत. तीन मायक्रोफोनांस तीन मोठे लाउडस्पीकर जोडले. लिओपोल्ड स्टोकोव्स्की वॉशिंग्टनमध्ये नियंत्रणाशी बसून होते, वाद्यवृंद फिलाडेल्फियात वाजत होता. दोन प्रयोग, एकच संशोधक, एकच वर्ष. पण दोहोंचे तत्त्व निराळे. ऑस्कर श्रोत्यास उचलून मूळ स्थळी नेतो. वॉशिंग्टनचे लाउडस्पीकर मूळ स्थळ उचलून श्रोत्याच्या दालनात आणतात. पहिल्या पद्धतीस बायनॉरल, म्हणजे द्विकर्णी, आणि दुसरीस स्टिरिओफोनिक हे नाव पुढे रूढ झाले. बेल प्रयोगशाळेतील मंडळींस हा भेद पूर्ण ठाऊक होता. तो भेद पुसला गेला तो व्यवहारात.

इंग्लंडमध्ये ॲलन ब्लूमलाइन यांनी १४ डिसेंबर १९३१ रोजी जो पेटंटअर्ज दाखल केला (ब्रिटिश पेटंट क्र. ३९४३२५), तो ह्या विषयातील बहुधा सर्वांत विचारपूर्वक लिहिलेला मजकूर असावा. बोलपटात नट पडद्याच्या एका टोकास आणि त्याचा आवाज मात्र दुसरीकडून, ह्या विसंगतीवरून त्यांना ही कल्पना सुचली असे सांगतात. त्यांचा युक्तिवाद असा. जवळजवळ ठेवलेल्या दोन मायक्रोफोनांवर डावीकडून मंद्र स्वर आला, तर दोहोंतील तीव्रता सारखीच राहते, फक्त वेळेचा फरक पडतो. हे दोन प्रवाह सरळ दोन कानांस दिले तर मेंदू वेळेवरून दिशा ओळखील. परंतु तेच दोन लाउडस्पीकरांस दिले तर प्रत्येक कानास दोन्ही लाउडस्पीकर ऐकू येतात, आणि त्या मिश्रणात मूळ वेळेचा फरक तसाच शिल्लक राहत नाही. म्हणून मायक्रोफोनांकडील वेळेच्या फरकाचे प्रथम तीव्रतेच्या फरकात रूपांतर केले पाहिजे. डावा लाउडस्पीकर मोठा, उजवा लहान, असे केले म्हणजे श्रोत्याच्या डोक्याभोवती दोहोंचे ध्वनी पाव मिलिसेकंदाच्या उशिराने एकमेकांत मिसळतात, आणि त्या मिश्रणातून कानांपाशी वेळेचा फरक पुनः उत्पन्न होतो.

ह्या शेवटच्या वाक्यावर थोडे थांबले पाहिजे. डाव्या लाउडस्पीकराचा ध्वनी उजव्या कानात जाणे हा वरवर पाहता दोष वाटतो. डावे ते डाव्यास आणि उजवे ते उजव्यास, हीच शुद्ध अवस्था असे कोणासही वाटेल. ब्लूमलाइनच्या विवेचनात हे उलटे आहे. ही गळती यंत्राचाच एक भाग असून तिच्यावाचून यंत्र चालत नाही. तबकडीवर फक्त तीव्रतेचे भेद कोरलेले असतात. त्यांचे दिशांत भाषांतर श्रोत्याचे डोके, दोन पेट्यांमध्ये बसून, स्वतः करीत असते. हेडफोन लावताक्षणी ती गळती बंद पडते. तबकडीवरचा तीव्रताभेद जसाच्या तसा कानांवर येतो, त्यासोबत यावयाचा कालभेद येतच नाही. मंद्र सप्तकातील स्वर एका कानात मोठा, दुसऱ्यात जवळजवळ नाही, आणि वेळेत मात्र फरक नाही, ही स्थिती निसर्गात सहसा आढळत नाही. अगदी कानाशी तोंड नेऊन कोणी बोलले तरच तिच्या जवळपासचे काही घडते. ते ऐकून मेंदूने ध्वनी डोक्याबाहेर कोठे ठेवावा, अशी अपेक्षा करणेच चूक. ब्लूमलाइन यांनी १९३४ च्या जानेवारीत लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत टॉमस बीचम यांच्या वाद्यवृंदाच्या तालमीचे ह्या पद्धतीने ध्वनिमुद्रण केले. पुढे रडारच्या कामावर असता ७ जून १९४२ रोजी विमान अपघातात, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, त्यांचा मृत्यू झाला. गमतीची गोष्ट अशी की, लाउडस्पीकरांसाठी योजलेल्या आपल्या पद्धतीस त्यांनी स्वतः ‘बायनॉरल’ हेच विशेषण लावले होते.

नावाचा हा घोळ युद्धानंतर वाढला. अमेरिकेत एमरी कुक यांनी १९५२ मध्ये एकाच तबकडीवर दोन स्वतंत्र खाचा असलेल्या ध्वनिमुद्रिका काढल्या. त्या ऐकावयाच्या लाउडस्पीकरांवर, पण नाव बायनॉरल. एकाच खाचेच्या दोन भिंतींवर दोन प्रवाह कोरण्याची पद्धत १९५८ मध्ये बाजारात स्थिरावली आणि स्टिरिओ तबकडीचे युग सुरू झाले. त्याच १९५८ मध्ये मिलवॉकी येथील जॉन कॉस यांनी संगीत ऐकण्यासाठी स्टिरिओ हेडफोन विक्रीस आणले. तोवर हेडफोन हे तारायंत्रवाले, नभोवाणीवाले आणि लष्कर यांचे उपकरण होते. ह्या योगायोगाकडे इतिहासलेखकांनी द्यावे तितके लक्ष दिलेले नाही. लाउडस्पीकरांसाठी सिद्ध झालेली तबकडी आणि हेडफोनवर संगीत ऐकणारा श्रोता हे एकाच वर्षी बाजारात समोरासमोर आले, आणि दोहोंमध्ये दुभाषा ठेवण्याची कोणास गरज वाटली नाही. आरंभीच्या अनेक स्टिरिओ तबकड्यांत नावीन्य दाखविण्याच्या हौसेने ध्वनी एका टोकास लोटलेले असत. १९६३ मधील बीटल्सच्या पहिल्या तबकड्यांच्या स्टिरिओ आवृत्तीत वाद्ये एका बाजूस आणि कंठस्वर दुसऱ्या बाजूस आहेत. खोलीत ते एकवेळ खपून जाते. हेडफोनवर अर्धे डोके रिकामे झाल्यासारखे वाटते.

दुभाषाची गरज प्रथम स्पष्ट शब्दांत मांडली ती बेंजामिन बाउअर यांनी. बाउअर हे मायक्रोफोनरचनेतील नामांकित अभियंते. १९६१ मध्ये ध्वनि-अभियंत्यांच्या अमेरिकन संस्थेच्या नियतकालिकात त्यांनी जो लेख लिहिला, त्याच्या शीर्षकातच सारे आले आहे : स्टिरिओफोनिक हेडफोन आणि बायनॉरल लाउडस्पीकर. म्हणजे स्टिरिओ तबकडी हेडफोनवर कशी ऐकावी, आणि ऑस्करच्या जातीचे ध्वनिमुद्रण लाउडस्पीकरांवर कसे ऐकावे, हे दोन उलटसुलट प्रश्न त्यांनी एकत्र मांडले. पहिल्या प्रश्नाचे उत्तर म्हणजे मंडलातील काही साधे घटक जोडून डाव्या प्रवाहाचा अंश थोड्या उशिराने उजव्या कानास आणि उजव्याचा डाव्या कानास देणे. हा अंश मंद्र स्वरांत अधिक, तारस्वरांत कमी, कारण डोक्याचा आडोसा असाच असतो. ब्लूमलाइनने जी गळती गृहीत धरली होती, ती बाउअरने तारांतून परत आणली. १९७१ मध्ये झीगफ्रीड लिंकविट्झ यांनी अशाच मंडलाची सुटसुटीत आवृत्ती प्रसिद्ध केली, आणि आजही ‘क्रॉसफीड’ ह्या नावाने हीच युक्ती अनेक उपकरणांत असते.

ह्या युक्तीने किती साधते? टोकास ताणलेले ध्वनी आत सरकतात, थकवा कमी होतो, अर्धे डोके रिकामे वाटण्याचा त्रास जातो. परंतु गायक कपाळाच्या पुढे सरकतो म्हणावे तर तसे क्वचितच होते. ह्याचे कारण शोधावयास दूर जावे लागत नाही; आपल्याकडील जुन्या तबकड्याच त्याचे उत्तर देतात. अब्दुल करीम खाँ किंवा केसरबाई केरकर यांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांत एकच प्रवाह आहे. दोन्ही कानांस तोच मिळतो. येथे क्रॉसफीडने मिसळावयाचे काय? डाव्यातले उजव्यात घातले तरी तेच. तरीही तीच तबकडी ग्रामोफोनच्या कर्ण्यातून खोलीत वाजली असता गायिका समोर, त्या कोपऱ्यात, निःसंशय डोक्याबाहेर असते. आणि हेडफोनवर ती मेंदूच्या मध्यभागी असते. यावरून हे उघड होते की, गळती हा हरवलेल्या गोष्टींपैकी केवळ एक भाग होय. ग्रंथालयात हेडफोन लावून जुन्या गायकीचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याने हे ध्यानी ठेवण्यासारखे आहे : आवाजाचे जे ‘जवळ असणे’ त्यास जाणवते, त्याचा मोठा भाग गायिकेने अथवा ध्वनिमुद्रकाने दिलेला नसून त्याच्या कानांवरील उपकरणाने दिलेला असतो. त्यावरून त्या काळच्या गायनातील आत्मीयतेविषयी प्रमेये मांडणे धोक्याचे आहे.

बाउअरचा दुसरा प्रश्न, म्हणजे द्विकर्णी ध्वनी लाउडस्पीकरांवर कसा ऐकवावा, हा बेल प्रयोगशाळेत मॅनफ्रेड श्रोडर आणि बिष्णू अटल यांनी सोडविला. अटल हे मूळचे कानपूरचे. लखनौ आणि बंगळूर येथे शिकून व बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत ध्वनिशास्त्राचे अध्यापन करून ते १९६१ मध्ये तेथे दाखल झाले होते. भाषणध्वनीच्या संकेतनातील त्यांचे नंतरचे कार्य जगप्रसिद्ध आहे. हे पहिले कार्य तितके आठवले जात नाही. डाव्या लाउडस्पीकरातून उजव्या कानात होणारी गळती गणिताने काढून तिला पुसून टाकणारा विरुद्ध ध्वनी उजव्या लाउडस्पीकरातून सोडावयाचा, ही त्यांची योजना. अशा रीतीने लाउडस्पीकरांस हेडफोनचे गुण देता येतात, आणि समोर दोनच पेट्या असता बाजूने येणारा ध्वनी ऐकविता येतो. बाउअर गळती घालतात, श्रोडर व अटल ती काढून टाकतात. दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत, कारण त्यांच्या हाती असलेली पत्रे निरनिराळ्या पत्त्यांची आहेत.

आता राहिलेल्या दोन गोष्टी : बाह्यकर्ण व खोली ही एक, आणि मान ही दुसरी. मानेचा विचार कालक्रमाने आधी झाला. जर्मनीतून अमेरिकेत आलेले मानसशास्त्रज्ञ हान्स वॉलाख यांनी १९४० मध्ये दाखविले की, ऐकताना आपण मान किंचित हलवितो आणि त्यामुळे दोन कानांतील भेद कसा बदलतो यावरून समोर व मागे यांचा निर्णय करतो. समोरचा ध्वनी मान उजवीकडे वळविताच डाव्या कानाकडे झुकतो, मागचा उजव्याकडे. रॅले यांच्या नादचिमट्याने जो पेच टाकला होता, त्यातून माणूस नित्य व्यवहारात कसा सुटतो, हे येथे कळले. वॉलाख यांच्या एका प्रयोगात मान वळली तरी ध्वनी मानेबरोबर वळत राहील अशी व्यवस्था केलेली होती, आणि ऐकणाऱ्यास तो ध्वनी डोक्यावर, थेट माथ्याशी असल्याचे वाटले. हे तर्कास धरूनच आहे. मान कितीही वळविली तरी भेद पालटत नाही अशी बाहेरची जागा माथ्यावरील उभ्या रेषेवरच असू शकते. हेडफोनचीही नेमकी हीच अवस्था आहे. तो मानेबरोबर फिरतो. मान वळवून मेंदू प्रश्न विचारतो, आणि उत्तर येत नाही.

ध्वनी डोक्यात शिरणे हा हेडफोनचा अंगभूत धर्म नाही, हे १९७० च्या सुमारास दोन बाजूंनी सिद्ध झाले. कॅनडात फ्लॉइड टूल यांनी १९७० मध्ये दाखविले की, प्रतिध्वनिरहित खोलीत लाउडस्पीकरांवरूनही डोक्याच्या आत ध्वनी निर्माण करता येतो. बर्लिनमध्ये गेओर्ग प्लेंगे यांनी त्यानंतर लवकरच प्रतिपादन केले की, कानांच्या पडद्यांवर येणारा ध्वनी खऱ्या जागेतल्यासारखा आणि श्रोत्याच्या परिचयाचा असेल तर हेडफोनवरही तो बाहेर ऐकू येतो. ह्या सुमारास जर्मनीत ऑस्करचा वंश पुन्हा फळास आला. कानांच्या आकारासह घडविलेले डोके घेऊन १९७३ च्या बर्लिन नभोवाणी प्रदर्शनात द्विकर्णी नभोनाट्य सादर झाले. उत्साह मोठा होता, तो टिकला नाही. मागचे आवाज उत्तम, बाजूचे उत्तम, पण समोर उभ्या असलेल्या पात्राचा आवाज अनेक श्रोत्यांस मागून किंवा डोक्यातूनच येई. नाटकाला समोरची बाजू नसेल तर कसे चालावे?

समोरची बाजू हरवते, कारण कृत्रिम डोक्याचे कान हे श्रोत्याचे कान नसतात. कानाच्या पाळीच्या वळ्यांवरून परावर्तित होणारे ध्वनी तारस्वरांत जे सूक्ष्म चढउतार उमटवितात, त्यांवरून उंची आणि समोर-मागे कळते, हे ड्वाइट बॅटो यांनी १९६७ मध्ये मांडले होते. प्रत्येकाच्या वळ्या निराळ्या. विस्कॉन्सिन विद्यापीठात फ्रेडरिक वाइटमन आणि डोरिस किस्टलर यांनी १९८९ मध्ये प्रत्येक श्रोत्याच्या स्वतःच्या कानात, पडद्याजवळ बारीक नळी ठेवून मापने घेतली आणि त्यांवरून हेडफोनसाठी ध्वनी घडविला. लाउडस्पीकर आणि हेडफोन यांवरील दिशानिर्णय पुष्कळसे जुळले. समोर-मागे यांची गल्लत मात्र हेडफोनवर जवळजवळ दुपटीने वाढली. ह्या गल्लतीचा उलगडा वॉलाख यांच्याकडेच आहे, आणि ह्याच दोन संशोधकांनी १९९९ मध्ये मान हलविण्याची मोकळीक देऊन तो पडताळून पाहिला : मोकळीक मिळताच गल्लत जवळपास नाहीशी झाली.

येथे एक उपकथा सांगितल्यावाचून राहवत नाही. हॉलंडमधील नायमेखेन येथे हॉफमन, फान रिसविक आणि फान ऑपस्टाल यांनी १९९८ मध्ये काही जणांच्या बाह्यकर्णांत साचे बसवून त्यांचा आकार बदलला. आरंभी त्यांस ध्वनीची उंची मुळीच कळेना. साचे दिवसरात्र वापरीत राहिल्यावर काही आठवड्यांत ती पुनः कळू लागली. साचे काढल्यावर जुने कान विसरले जातील अशी शंका होती. तसे झाले नाही, जुन्या कानांनीही लगेच नीट ऐकू आले. दुसरी भाषा शिकल्याने पहिली जात नाही, तसा हा प्रकार. मग प्रश्न उत्पन्न होतो की, १९७९ मध्ये सोनीचा वॉकमन निघाल्यापासून ज्यांनी संगीत प्रामुख्याने हेडफोनवरच ऐकले, त्यांच्या दृष्टीने कवटीतील मंच हा दोष ठरतो काय? लाउडस्पीकरासारखा ध्वनी तो नैसर्गिक, हे मापच मुळी १९५८ नंतरच्या एका पिढीच्या बैठकीच्या खोलीत तयार झालेले आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते ते माप टाकून देण्याजोगे नाही, आणि त्याचे कारण निसर्ग हे नसून इतिहास हे आहे : ज्या ध्वनिमुद्रकाने लाउडस्पीकरांसमोर बसून गायक मध्यभागी ठेवला आणि सारंगी किंचित डावीकडे सरकविली, त्याचा निर्णय काय होता हे जाणण्यास त्याच्या खुर्चीत बसावे लागते.

ती खुर्चीच हेडफोनमध्ये आणण्याचा उद्योग गेल्या पंचवीस-तीस वर्षांत झाला. म्युनिक येथील नभोवाणी-तंत्र संस्थेतील संशोधकांनी १९९९ मध्ये एका विशिष्ट नियंत्रणकक्षातील लाउडस्पीकर, कृत्रिम डोके निरनिराळ्या अंशांत वळवून मोजले आणि श्रोत्याच्या मानेच्या हालचालीनुसार ती मापने हेडफोनवर बदलत राहतील अशी व्यवस्था केली. पुढे स्मिथ रिसर्च ह्या संस्थेच्या ‘रिअलायझर’ नामक यंत्रात श्रोता स्वतः लाउडस्पीकरांसमोर बसतो, त्याच्या कानांत लहान मायक्रोफोन ठेवून मापने घेतात, आणि नंतर हेडफोन घातल्यावर यंत्र त्याच खोलीतील त्याच पेट्या उभ्या करते. गळती, कान, खोली आणि मान, चारही गोष्टी एकत्र आल्या तेव्हा ध्वनिमंच डोक्याबाहेर गेला. ह्यात खोलीचा वाटा किती मोठा आहे याचा पडताळा इल्मेनाऊ येथील प्रयोगांत मिळाला. हेडफोनमधील खोली आणि श्रोता प्रत्यक्ष बसला आहे ती खोली यांत फार अंतर असेल तर ध्वनी पुनः डोक्याकडे सरकतो. डोळ्यांना दिसणारी भिंत आणि कानांना ऐकू येणारी भिंत यांचे पटावे लागते.

२०२० पासून ॲपलच्या कानातील लहान हेडफोनांत मानेची हालचाल मोजणारी योजना आली, आणि २०२२ मध्ये फोनच्या कॅमेऱ्याने श्रोत्याच्या कानांचा आकार टिपण्याची. वॉलाख आणि बॅटो यांचे निष्कर्ष अशा रीतीने खिशात येऊन पोहोचले. दरम्यान तबकडीचा पत्ताही पुनः बदलू लागला आहे : नव्या पद्धतीच्या ध्वनिमुद्रणांत डावा आणि उजवा असे प्रवाह न ठेवता प्रत्येक ध्वनी व त्याचे अवकाशातील स्थान अशी नोंद असते, आणि त्या नोंदीवरून मंच कसा उभारावयाचा हे ऐकविणारे यंत्र ठरविते. परंतु ब्लूमलाइनचा श्रोता खुर्चीत बसलेला होता. हा श्रोता आगगाडीत असतो, रस्त्याने चालत असतो. त्याचा मंच हातातील फोनच्या दिशेस बांधलेला असतो, आणि तो वळणावर वळून तसाच पुढे चालू लागला की काही क्षणांनी यंत्र जुनी दिशा सोडून देते व गायकास पुनः त्याच्या नाकासमोर आणून ठेवते.